राष्ट्रीयत्वाचा रकाना

शाळेच्या पटांगणात सत्काराचा मांडव सकाळीच उभा राहिला होता. उत्तमराव टिकारांच्या घरात मात्र दुपारचे दोन वाजले तरी कोणी जेवायला बसलं नव्हतं. त्यांच्या बायकोने, शालूबाईंनी, चुलीच्या राखेत रोडगे लावले होते, वांग्याची भाजी उतरवून ठेवली होती. पण ज्ञानेश्वर खामगावहून मोटारसायकलवर आला, दारातच म्हणाला, "काका, मधल्या खोलीत बसू, दार लोटून घ्या," आणि त्याच्या आवाजावरूनच ओसरीवरच्या पाहुण्यांची बोलणी मंदावली.

ज्ञानेश्वर हा उत्तमरावांच्या थोरल्या भावाचा, रंगरावांचा मुलगा. खामगावात वकिली करत होता. उत्तमरावांच्या घरी वाढलेल्या करिष्माच्या पासपोर्टचं काम त्याच्याकडेच होतं. वीस वर्षांखालच्या मुलींच्या भारतीय फुटबॉल संघाच्या शिबिराला तिला पुढच्या महिन्यात जायचं होतं, आणि पासपोर्टशिवाय शिबिरात उभं करत नव्हते.

खोलीत सातजण होते. रंगराव दिवाणावर बसले. दहा वर्षं सरपंचकी केलेला माणूस. आजचा सत्कार त्यांनीच ठरवला होता, एस.टी. थांब्यावर पोरीच्या फोटोचा मोठा फलक लावला होता. पूनम मॅडम, करिष्माला सहावीपासून फुटबॉल शिकवणाऱ्या, एकुलत्या खुर्चीवर. उत्तमरावांचा मुलगा अविनाश पुण्याहून मुद्दाम आला होता. तो दाराला पाठ लावून उभा होता. शालूबाई खाली बसल्या होत्या आणि करिष्मा त्यांच्या शेजारी, राज्य संघाचा निळा ट्रॅकसूट घालून.

"पासपोर्ट होत नाही," ज्ञानेश्वर म्हणाला.

"काऊन?" रंगराव म्हणाले. "काई द्या-घ्याचं असन तं सांग."

"तसं नाही, बाबा. पडताळणीले शायेच्या नोंदवहीचा उतारा लागला. पहिलीत नाव घातलं त्या वक्ताचा." त्याने पिशवीतून कागद काढला, काकाकडे एकदा पाहिलं आणि कागद वाचायच्या ऐवजी त्यांच्याच हातात दिला. "तुमीच वाचा, काका."

उत्तमरावांना वाचायची गरज नव्हती. त्यांना त्या कागदावरचं अक्षर न् अक्षर पाठ होतं. बारा वर्षं ते अक्षर त्यांच्या पोटात होतं. त्यांनी कागद घेतला आणि तसाच मांडीवर ठेवला.

मग करिष्मानेच हात पुढे केला. तिने मोठ्याने वाचलं, शाळेत धडा वाचावा तसं.

"विद्यार्थिनीचं नाव, करिष्मा. वडिलांचं नाव, बहादूर गुरखा. राष्ट्रीयत्व, नेपाळी. दाखल करणाऱ्याचं नाव, उत्तमराव रंभाजी टिकार. विद्यार्थिनीशी नातं..." ती थांबली. पुन्हा एकदा ती ओळ डोळ्यांनी वाचून पाहिली. "नातं, काही नाही. खाली सही हाय."

बाहेर कोणीतरी माईकवर 'हॅलो, हॅलो' करून पाहत होतं.

करिष्मा गुरख्याची पोर आहे हे गावात कोणापासून लपलेलं नव्हतं. तिच्या तोंडवळ्यावरूनच ते दिसत होतं. टिकारांच्या शेताला लागून असलेल्या कापसाच्या जिनिंगवर तिचा बाप रात्रीची राखण करायचा. बायको ताकापाण्याला शालूबाईंकडे यायची. करिष्मा खामगावच्या दवाखान्यात जन्मली. ती दोन वर्षांची असताना आई काविळीने गेली. बाप पोर शालूबाईंच्या ओटीत घालून गेला, दिवाळी करून येतो म्हणाला. तो आला नाही. काही वर्षांनी उत्तमरावांनी घरात सांगितलं की तिकडे तो वारला. तेव्हापासून पोर टिकारांची झाली. पाचवीत हायस्कुलात घालताना शालूबाई स्वतः गेल्या आणि 'टिकार' लावून आल्या. पुढचे सगळे कागद त्या नावाने झाले. पण पहिलीची नोंदवही कपाटात होती तशीच राहिली.

"आधार कार्ड हाय ना तिचं?" रंगराव म्हणाले.

"आधार म्हणजे ती अथी राह्यते, एवढंच. नागरिक हाय असं नाही होत. मायबाप दोघंई नेपायचे, मंग अथी जन्मली तरी आपली होत नाही, बाबा. कायदा तसा हाय."

"मंग दत्तक घेऊ! आत्ता घेऊ! उद्या कोर्टात चाल."

"पंधराच्या आत घ्या लागते. ती एकोणीसची हाय." ज्ञानेश्वर काकाकडे न पाहता म्हणाला, "तवा घेतली असती, तं काई ना काई रस्ता निघाला असता. आता अर्ज करता येईन, पन त्याले सालं लागतात."

सालं. उत्तमरावांनी पोरीकडे पाहिलं. वीस वर्षांखालचा संघ. तिच्याजवळ एकच साल होतं.

"मी लिहून देते," शालूबाई म्हणाल्या. त्या इतक्या सहज म्हणाल्या की पहिल्यांदा कोणाला कळलंच नाही. "माह्या पोटची हाय म्हणून लिहून देते. घरीच बायंतीण झाली म्हणा. अंगठा म्हणा तं अंगठा, सही म्हणा तं सही."

"हे बराबर बोलली!" रंगराव मांडीवर थाप मारून म्हणाले. "गावात कोन नाही म्हनते ते मी पायतो."

"दवाखान्यात नोंद हाय, काकू. तिच्या आईच्या नावानं. अन् हा काकाच्या सहीचा कागद हाय. नातं काही नाही म्हणून." ज्ञानेश्वरचा आवाज खाली गेला. "तुमी खोटी शपथ घेसान अन् फसान."

"मले नाही पाहिजे तसं," करिष्मा म्हणाली. "माय, तू काई लिहून देऊ नोको."

ती उठली आणि उत्तमरावांच्या समोर येऊन उकिडवी बसली. लहानपणी ती अशीच बसायची, ते बैलाच्या पायातला काटा काढत असले की.

"आबा, पाँडिचेरीले राज्याकडून खेळली तवा मॅचच्या आधी राष्ट्रगीत झालं. मी बी म्हटलं. माहे डोये भरून आले होते. तवा मले कोनी विचारलं नाही. तुमाले मालूम होतं ना हे?"

"हाव."

"मंग सांगतलं काऊन नाही?"

अठ्ठावन्न वर्षांच्या आयुष्यात उत्तमराव पंचायतीत बोलले होते, बाजार समितीत भांडले होते, एकदा तर मंत्र्याला उभ्या उभ्या सुनावलं होतं. आता पोरीच्या एका प्रश्नापुढे त्यांची मान वर होईना.

"तवा..." ते म्हणाले. "तवा हेडमास्तराच्या खोलीत तिघंचौघं बसून होते गावातले. मास्तर म्हणे, नाव कोनाचं लावू? अन् ते सारे माह्या तोंडाकडे पाहून राह्यले होते. गावात एक बोलनं होतं तवा. की पोरगी... की बहादूरची नाही. माही हाय. त्याच्या बायकोपासून."

शालूबाईंनी मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं.

"मले लाज वाटली," उत्तमराव म्हणाले. "त्याइच्या देखत म्या मोठ्यानं म्हटलं, नेपायची हाय, माहं तिचं काई नातं नाही, लिहा तसं. बापाचं नाव बी मले धड मालूम नव्हतं. सारे बहादूर म्हणत, म्या बी बहादूर सांगतलं."

"ते बोलनं माह्या कानावर बी होतं," शालूबाई म्हणाल्या. "मी त्याच्यावर थुकली होती. लोकाइले मले विचारू द्याचं होतं. मी सांगतलं असतं त्याइले."

अविनाश दाराजवळून पुढे आला. बोलताना त्याच्या मानेची शीर दिसत होती. "मी तवा सतरा वर्षांचा होतो, आबा. दर राखीले तुमी माह्या हातात तिच्यासाठी दहाची नोट द्यायचे, म्हणायचे, बहीण हाय तुही. मले बहीण सांगून राह्यले होते अन् शायेत काई नाही लिहून आले होते?"

"अविनाश, बापासंग..." रंगराव म्हणाले.

"तुमी मधी पडू नोका, मोठेबा."

पुतण्याने असं कधी तोडलं नव्हतं. आपणही त्या दिवशी हेडमास्तरांच्या खोलीत होतो हे रंगरावांना आठवलं असावं. कारण त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि पुन्हा घातलीच नाही.

पूनम मॅडमनी खुर्ची थोडी पुढे ओढली.

"मी एक सांगू? घरातलं तुमचं तुम्ही बघा. मी खेळाचं बोलते. ज्या देशाची नागरिक, त्या देशाची जर्सी. आपल्याला वाईट वाटो की चांगलं, नियम हा आहे. करिष्माचे वडील नेपाळचे असतील तर ती तिथली नागरिक होऊ शकते आणि तिकडून खेळू शकते. मी तिकडच्या एका प्रशिक्षक बाईंशी बोलले. पाँडिचेरीचा सामना त्यांनी पाहिला आहे. डाव्या बाजूने पळणारी मुलगी त्यांना हवीच आहे. पण वडिलांचं खरं नाव पाहिजे, गाव पाहिजे, त्यांचा नागरिकत्वाचा कागद पाहिजे. आणि वडील, नाहीतर वडिलांचं जवळचं कोणीतरी, ही आमची मुलगी असं तिथे जाऊन म्हणणारं पाहिजे." त्या थांबल्या. "आता वडील तर वारले. गावाचं नाव तरी कोणाला माहीत आहे का?"

"नाही, बाई," शालूबाई म्हणाल्या. "तो गेला तो गेलाच."

इथे गप्प बसता आलं असतं. उत्तमरावांना नंतर कितीतरी दिवस हेच आठवत राहिलं की इथे गप्प बसता आलं असतं आणि कोणाला काही कळलं नसतं. ते उठले. गोदरेजचं कपाट उघडून शेतीच्या कागदांच्या पिशवीत हात घातला आणि तळातून घडी घातलेला एक कागद काढला. घड्यांवर तो विरला होता. त्यावर एका तरुण माणसाचा काळपट फोटो होता.

"हर्कबहादुर रावल," ते म्हणाले. "गाव काफलसैन, जिल्हा अछाम. तो मेला नाही. म्हणजे तवा नव्हता मेला."

शालूबाईंच्या हातातला पदर खाली पडला.

"तो आला होता. करिष्मा दुसरीत होती. आपल्या पिंपळगावच्या थांब्यावर उतरला अन् रस्त्यात मीच भेटलो त्याले. सुरतले हॉटेलात होता, म्हणे, पाय मोडला होता म्हणून येता नाही आलं. आता पोरीले नेतो म्हणे. म्या त्याले चहा पाजला." उत्तमरावांनी भिंतीला हात लावला. "म्या म्हटलं, ती तुले वळखत नाही. शिकून राह्यली हाय. म्या तिले माहं नाव देल्लं, आता ती टिकार हाय, मोडू नोको तिचं. तो रडला थोडा. मंग माह्या पाया पडला अन् हा कागद देल्ला, त्याच्या नागरिकत्वाची नक्कल. पोरीनं कधी विचारलं तं दाखवा, म्हणे. त्याच गाडीनं वापस गेला."

"माहं नाव देल्लं," अविनाश हळूच म्हणाला. "शायेत काई नाही लिहून एक साल झालं होतं तवा."

"हाव."

नाव दिलं नाही आणि बापालाही दिली नाही. दोन्हीकडून पोर आपण अडवून धरली, हे उत्तमरावांना माहीत होतं. पण आजवर ते मनातच होतं, आणि मनात त्याला 'माया' असं नाव होतं. पोर नेली असती तर शालू जगली नसती, आपणही जगलो नसतो, असं ते स्वतःला सांगत आले होते. आता सहाजणांच्या समोर तीच गोष्ट उघडी पडली तेव्हा तिच्यात मायेइतकीच चोरीही दिसत होती.

करिष्मा रडली नाही. तिने कागदावरचा फोटो बराच वेळ पाहिला.

"कसा होता तो? म्हणजे अंगात काय होतं?"

"पांढरं शर्ट. लंगडत होता थोडा."

"माह्यासाठी काई आणलं होतं?"

उत्तमरावांनी डोळे मिटले. "लाल स्वेटर. मोठा होता तुले. घरी आणला असता तं तुही माय विचारती कोठून आणला. म्या बाजारात एका बाईच्या लेकराले देऊन टाकला."

इतकं सगळं ऐकूनही न रडलेली पोर त्या स्वेटरावर रडली. शालूबाईंनी तिला जवळ ओढलं आणि नवऱ्याकडे पाठ केली.

कागदाच्या मागे सुरतच्या हॉटेलचा नंबर होता. अविनाशने तो लावला. हॉटेल चालू होतं; मालक बदलला होता, पण जुना आचारी तिथेच होता, त्याला हर्क आठवत होता. त्याने आणखी एकाचा नंबर दिला, त्या माणसाने तिसऱ्याचा. पाऊण तास गेला. पूनम मॅडमनी दोनदा पाणी मागितलं. बाहेर ताशावाले आले होते आणि ओसरीवर बसून चहा पीत होते. शेवटी चौथ्या नंबरवर घंटी वाजायला लागली, आणि अविनाशने फोनचा आवाज मोठा करून तो उत्तमरावांच्या पुढ्यात धरला.

"तुमीच बोला," तो म्हणाला.

"हलो?" पलीकडून बाई माणसाचा आवाज, मग कोणाला तरी हाक, मग पावलं. "हलो, कौन?"

"मी... खामगावकडून. पिंपळगाव. उत्तमराव टिकार."

पलीकडच्या हर्कबहादुरचा आवाज एकदम चढला.

"उत्तमभाऊ? बच्ची ठीक है? कुछ हुआ क्या बच्ची को?"

"ठीक हाय. लय चांगली हाय. फुटबॉल खेळते."

"फुटबॉल!" हर्कबहादुर हसला. हसताना त्याला खोकला आला. "मैंने यहां गांव में सबको बोल के रखा है, भाऊ. मेरी बेटी बडे किसान के घर की हो गई. नाम भी उनका लगाती है. लोग मानते नहीं. टिकारच है ना उसका नाम?"

खोलीतले सगळे उत्तमरावांकडे पाहत होते. हेडमास्तरांच्या खोलीतले लोकही असेच पाहत होते. तेव्हा एका शब्दाने सुटका झाली होती. आताही 'हाव' म्हटलं असतं तर खोटं ठरलं नसतं. आज नाव टिकारच होतं.

"नाव टिकार हाय," उत्तमराव म्हणाले. "पन म्या नाही देल्लं, हर्कभाऊ. तिच्या मायनं देल्लं, मंग. तुमी आले तवा नव्हतं देल्लं. तवा शायेत तुमचंच नाव होतं, ते बी धड नाही लिहिलं म्या. तुमच्याजवळ मी खोटं बोललो. अन् पोरीले सांगतलं की तुमी मेले."

खोकला थांबला होता.

"तो फिर," हर्कबहादुर सावकाश म्हणाला, "मैं लौटा किसलिए, भाऊ?"

उत्तमरावांनी दोन्ही हात जोडले, जसा काही तो माणूस समोर उभा होता.

करिष्मा उठली. तिने अविनाशच्या हातातून फोन घेतला, त्याचा आवाज बारीक केला आणि मागच्या दाराने परसात गेली. खोलीत बसलेल्यांना तिचे तुटक शब्द तेवढे ऐकू येत होते. मोडक्या हिंदीत ती सांगत होती: बारावी झाली. हो, मराठीत. नहीं, गोलकीपर नहीं. लेफ्ट विंग. लेफ्ट विंग मतलब... आणि मग ती डाव्या हाताने हवेत रेघ ओढून दाखवत होती, पलीकडच्याला दिसत नाही हे विसरून.

अर्ध्या तासाने ती आत आली. तिने फोन अविनाशला दिला आणि उत्तमरावांच्या समोर उभी राहिली. बसली नाही.

"तो म्हणते, सही करतो. पन अथी येत नाही म्हणते. एक डाव आलो होतो, म्हणे. आता ज्यानं ठेवली त्यानं घेऊन यावं."

"येतो," उत्तमराव म्हणाले.

"मी त्याइच्याकडून खेळन की नाही, मले मालूम नाही अजून. नेपायचं गीत बी येत नाही मले." तिने ट्रॅकसूटच्या बाहीने नाक पुसलं. "पन तुमाले या लागन, आबा."

तिने 'आबा' म्हटलं होतं. सवयीने म्हटलं की मुद्दाम, हे त्यांना कळलं नाही, आणि विचारायचा हक्क आता आपल्याला राहिला नाही, एवढं मात्र कळलं.

दार वाजलं. ताशावाल्यांचा म्होरक्या होता. पाच वाजले, पाहुणे मांडवात जमले, पोरीला वाजतगाजत न्यायचं होतं. रंगरावांनी सगळ्यांकडे पाहिलं.

"तब्येत बिघडली म्हणून सांगतो," ते म्हणाले. "पुढच्या आठवड्यात ठेवू. लोकाइले काय, सांगतलं ते खरं."

"नोको, भाऊ," उत्तमराव म्हणाले. "ती येनार नाही. मी जातो. मीच सांगतो."

"काय सांगशीन? उत्तम, गावात तोंड दाखवाची सोय राह्यनार नाही. अन् माह्या बी... मी बी होतो तवा त्या खोलीत."

"तुमचं नाव नाही घेत मी."

उत्तमरावांनी डोक्यावर टोपी ठेवली. कोणी त्यांच्यासोबत उठलं नाही. शालूबाई चुलीकडे गेल्या होत्या. राखेतून एक रोडगा काढून त्या तो फडक्याने पुसत होत्या, आणि पोरीसाठी एकच ताट मांडलं होतं.

बाहेर पडताच ताशे सुरू झाले. गल्लीत दोन्ही बाजूंनी माणसं उभी होती. पोरगी कुठे आहे असं कोणीतरी विचारलं, मागून येते असं दुसऱ्यानेच सांगून टाकलं. म्हातारी अंबूबाई दारातून पुढे आली आणि तिने उत्तमरावांच्या कपाळाला गुलाल लावला. "दुसऱ्याचं लेकरू असं सांभाळनारा मानूस नाही पायला, बाप्पा," ती म्हणाली. ते काहीतरी म्हणाले, पण ताशांत ते तिला ऐकू गेलं नाही. शाळेच्या फाटकाशी तरुण मंडळाच्या पोरांनी त्यांच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. पहिला मान बापाचा, असं ओरडून कोणी टाळ्या वाजवल्या, आणि सगळ्या पटांगणाने त्या उचलल्या.

उत्तमराव मांडवाच्या पायऱ्या चढले. गळ्यातला हार काढून त्यांनी टेबलावर ठेवला. माईक त्यांच्या उंचीला वर करायला एकजण धावला, तोवर ते खाली वाकूनच बोलायला लागले होते.

"करिष्मा माही कोनी नाही," ते म्हणाले, आणि ताशे थांबले. "असं म्या याच शायेत लिहून देल्लं होतं. ते कसं, आता आयका."